भिंतीचे चरित्र : मुंबईच्या उपनगरांतील भित्तिचित्रांची नोंद

मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. वर्सोव्यापासून अंधेरीमार्गे घाटकोपरपर्यंतचा हा ११.४ किलोमीटरांचा मार्ग खांबांवरून जातो. त्यामुळे उपनगरांतील ज्या वस्त्या पूर्वी रस्त्यावरून दिसत नसत, त्या प्रवाशाच्या नजरेच्या टप्प्यात आल्या. असल्फा स्थानकाजवळची टेकडी ही त्यांपैकीच एक होय. डिसेंबर २०१७ मध्ये देदीप्या रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘चल रंग दे’ या उपक्रमात शेकडो स्वयंसेवकांनी या टेकडीवरील घरांच्या भिंती भडक व प्रसन्न रंगांनी रंगविल्या आणि ठिकठिकाणी चित्रे काढली. झोपडवस्तीकडे पाहण्याची लोकांची दृष्टी बदलावी, हा या उपक्रमाचा जाहीर हेतू होता. थोड्याच दिवसांत टेकडीची छायाचित्रे आंतरजालावर सर्वत्र पसरली, आणि तिची तुलना इटलीच्या अमाल्फी किनाऱ्यावरील गावांशी होऊ लागली.

या छायाचित्रांची संख्या मोठी आहे. तथापि संख्येवरून नोंद झाली असे मानणे घाईचे ठरेल. त्यांतील पुष्कळशी दुरून, कोरड्या ऋतूत व रंग ताजा असताना घेतलेली आहेत. भिंत कोणाच्या घराची, रंगापूर्वी ती कशी होती, चित्र कोणी काढले, चार पावसाळ्यांनंतर त्याचे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे त्यांतून मिळत नाहीत. रस्त्यावरील चित्रकलेचे कौतुक आणि तिची नोंद या दोन भिन्न क्रिया असून, आंतरजालाने पहिली सुलभ केल्यामुळे दुसरी आपोआप पार पडते असा समज दृढ झाला आहे. या समजाची तपासणी करणे व नोंदीचे स्वरूप काय असावे याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पूर्वीचे दोन दाखले

भिंतीवरील चित्र नाशिवंत असते व म्हणून त्याची प्रत करून ठेवावी, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करण्याचे काम रॉबर्ट गिल यांच्याकडे १८४४ मध्ये सोपविण्यात आले. त्यांच्या बहुतेक प्रती लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने नव्या प्रती केल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. शिवाय प्रत स्पष्ट उतरावी म्हणून मूळ चित्रांवर जे रोगण लावण्यात आले, त्यानेच पुढे ती काळवंडली. नोंद ही मूळ वस्तूइतकीच नाशिवंत असू शकते व नोंदीची पद्धत मूळ वस्तूला अपायही करू शकते, असे दोन धडे या इतिहासातून मिळतात.

दुसरा दाखला वारली चित्रांचा आहे. डहाणू-तलासरीच्या भागात लग्नप्रसंगी सवाशिणी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत व त्यात पालघट देवीची स्थापना होत असे. विधी आटोपला की चित्राचे प्रयोजनही संपे. ते धुराने काळे पडले वा पुढच्या सारवणाखाली गेले, तरी कोणास खंत वाटत नसे. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद व रंग नेले. बिहारमधील १९६६-६७ च्या दुष्काळात मिथिलेच्या स्त्रियांना कागदावर चित्रे काढण्यास प्रवृत्त करणारेही तेच होते. भिंतीवरील चित्र कागदावर आले, तेव्हा ते टिकाऊ झाले, विकले जाऊ लागले आणि जगभर पोचले. जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु त्याच वेळी चित्राचा विधीशी व भिंतीशी असलेला संबंध सुटला, आणि स्त्रियांच्या हातची सामुदायिक कृती बहुतांशी एकेका नामवंत पुरुषाच्या नावे ओळखली जाऊ लागली. हे वाईटच झाले असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र भिंतीवरून उचललेले चित्र हे पूर्वीचेच चित्र राहत नाही, हे या उदाहरणाने स्पष्ट होते. आरे वसाहतीतील व बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील वारली पाडे उपनगरांच्या हद्दीतच असल्याने हा दाखला दूरचा नाही.

छायाचित्रातून काय सुटते

असल्फ्याच्या उदाहरणाकडे पुन्हा वळल्यास, छायाचित्रातून सुटणाऱ्या गोष्टींचे तीन प्रकार पाडता येतात.

पहिली गोष्ट म्हणजे काळ. उपनगरांत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, व तो मुख्यतः चार महिन्यांत पडतो. सिमेंटच्या गिलाव्याला ओल धरते, लोणा लागतो, रंगाचे पोपडे सुटतात व शेवाळ चढते. पत्र्याच्या भिंतीवर गंज रंगाखालून वर येतो. जूनपूर्वी छपरांवर निळी ताडपत्री अंथरली जाते आणि टेकडीची रंगसंगती माणसांच्या गरजेनुसार बदलते. एखाद्या घरावर मजला चढतो, खिडकी फोडली जाते, चित्रातील पक्ष्याच्या पंखातून नळाची जोडणी जाते. हे सर्व चित्राचा बिघाड म्हणून नोंदविण्याऐवजी त्याच्या आयुष्याचा भाग म्हणून नोंदविले पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे जागेचा अर्थ. मेट्रोच्या डब्यातून जी टेकडी रंगांचा पट म्हणून दिसते, तीच रहिवाशांच्या दृष्टीने उताराची, पायऱ्यांची व पाणी वर चढविण्याची जागा असते. या परिसरातील डोंगरउतारांचा इतिहासही विसरता येत नाही. घाटकोपरच्या आझाद नगरात जुलै २००० मध्ये, तर साकीनाक्याच्या खाडी क्रमांक ३ येथे २६ जुलै २००५ रोजी दरड कोसळून मोठी प्राणहानी झाली. रंगाने उतार स्थिर होत नाही वा पाणी येत नाही, हा आक्षेप म्हणूनच रास्त आहे. त्याचबरोबर, आपल्या वस्तीकडे लोक प्रथमच कौतुकाने पाहू लागले, या भावनेलाही काही मोल आहे. प्रामाणिक नोंदीत आक्षेप व समाधान या दोहोंना स्थान असावे. आणि ती मते रहिवाशांच्याच शब्दांत आलेली असावीत.

तिसरी गोष्ट म्हणजे कर्तृत्व. वांद्र्याच्या रेक्लमेशन भागातील टेलिफोन निगमच्या इमारतीवर दादासाहेब फाळके यांचे भव्य चित्र २०१४ मध्ये रणजित दहिया यांनी रंगविले, हे सर्वज्ञात आहे. २०१२ पासून त्यांनी चालविलेल्या ‘बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट’मुळे त्यांचे नाव चित्राबरोबर राहिले. परंतु घाटकोपर वा मुलुंडच्या गल्लीत दुकानाची पाटी, शाळेच्या कुंपणावरील सुविचार, बाबासाहेबांची वा शिवछत्रपतींची प्रतिमा, मित्रमंडळाच्या फळ्यावरील रंगीत खडूची सजावट करणारा पेंटर अनामिक राहतो. फ्लेक्सच्या छपाईने त्याचे काम मोठ्या प्रमाणात हिरावून घेतले आहे. रस्त्यावरील कलेची नोंद केवळ महोत्सवांतून व उपक्रमांतून निर्माण झालेल्या भव्य चित्रांपुरती राहिली, तर उपनगरांच्या दृश्यसंस्कृतीचा सर्वांत जुना व व्यापक थर नोंदीबाहेरच राहील.

आंतरजालाची शक्ती व मर्यादा

आंतरजालाने या क्षेत्रात केलेले कार्य नाकारण्याचे कारण नाही. गूगलच्या सांस्कृतिक विभागाने २०१४ मध्ये जगभरच्या रस्त्यांवरील चित्रांचा संग्रह सर्वांसाठी खुला केला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या चित्रांनी भरलेल्या कारखान्याच्या इमारतीच्या भिंती नोव्हेंबर २०१३ मध्ये एका रात्रीत पांढऱ्या रंगाने पुसण्यात आल्या व पुढील वर्षी इमारत पाडण्यात आली. तेथील चित्रे आज केवळ अशा संग्रहांतून पाहावयास मिळतात. या प्रकरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने २१ चित्रकारांना ६७.५ लाख डॉलर नुकसानभरपाई देवविली. नष्ट झालेली चित्रे मान्यताप्राप्त दर्जाची होती हे सिद्ध करताना चित्रकारांनी जतन केलेली छायाचित्रे व प्रसिद्धीची कात्रणे उपयोगी पडली. नोंद ही अशा रीतीने न्याय मिळविण्याचेही साधन ठरते.

तथापि समाजमाध्यमांवर छायाचित्र चढविले असता त्याच्या धारिकेत अंतर्भूत असलेली तारीख व स्थळ यांची माहिती बहुधा काढून टाकली जाते. म्हणजे अभ्यासकास जे सर्वाधिक हवे, तेच प्रथम नाहीसे होते. संकेतस्थळांचे आयुष्यही मालकाच्या धोरणावर अवलंबून असते; फ्लिकर या छायाचित्रसंग्रहाने २०१८ मध्ये विनामूल्य खात्यांना एक हजार छायाचित्रांची मर्यादा घातली व अधिकची छायाचित्रे काढून टाकण्याचे जाहीर केले. क्रिस्टल पॅलेसच्या आगीचेच हे नवे रूप म्हणावे लागेल. गूगलची रस्त्यांची दृश्ये २०२२ पासून मुंबईसाठी उपलब्ध झाली असून, निरनिराळ्या काळांतील दृश्यांची तुलना करण्यास त्यांचा उपयोग होतो. पण ज्या पायवाटेवर वाहन चढत नाही, तेथील भिंती त्यांत आढळत नाहीत.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ अन्वये सार्वजनिक स्थळी कायम असलेल्या शिल्पाचे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मोकळीक आहे. त्या तरतुदीत कलाकुसरीच्या कृतींचा उल्लेख आहे, परंतु चित्राचा स्पष्ट उल्लेख नाही. संशोधनासाठी स्वतंत्र सवलत असली, तरी आंतरजालावरील खुल्या प्रसिद्धीस ती सरसकट लागू होईलच असे नाही. म्हणून चित्रकाराची अनुमती घेणे हे सौजन्य तर आहेच, शिवाय ती सावधगिरीही आहे. दुसरीकडे, याच कायद्याचे कलम ५७ कर्त्यास आपल्या कृतीच्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार देते. विज्ञान भवनातील भित्तिशिल्प काढून टाकल्याबद्दल अमरनाथ सहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ५ लाख रुपये भरपाई व शिल्पाचे अवशेष परत देवविले, ते याच कलमाच्या आधारे.

नोंदीचा आराखडा

वरील विवेचनावरून नोंदीचे एकक चित्र नसून भिंत असावे, असा निष्कर्ष निघतो. प्रत्येक भिंतीस एक क्रमांक द्यावा व त्याखाली पुढील गोष्टी नोंदवाव्यात : (१) भिंतीचे द्रव्य, माप, दिशा व आधीची स्थिती, (२) रंगाचा प्रकार व काम चाललेले दिवस, (३) चित्रकार, मदतनीस व खर्च उचलणारा पक्ष, (४) परवानगी कोणी दिली, व रहिवाशांस रंग वा विषय निवडण्याची संधी मिळाली काय, (५) समोरून, दुरून व भिंतीला पाठ लावून अशी तीन छायाचित्रे, त्यांपैकी तिसऱ्यात चित्राला रोज काय ‘दिसते’ ते यावे, (६) शेजाऱ्यांचे म्हणणे, त्यांच्याच बोलीत, (७) दर वर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर एकेक फेरी. चित्र पुसले गेले तरी क्रमांक रद्द करू नये. त्या भिंतीवर पुढे जे येईल, जाहिरात, चुना वा दुसरे चित्र, ते त्याच क्रमांकाखाली लिहावे. रहिवाशांची नावे व घरक्रमांक मात्र प्रसिद्ध करू नयेत. आणि नोंदीची एक प्रत आंतरजालावर, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात व एक छापील स्वरूपात वस्तीतील शाळेत वा वाचनालयात असावी.

यांतील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची ठरावी. अजिंठ्याच्या प्रती समुद्रापार गेल्या व तेथे जळाल्या. वारली चौक कागदावर उतरून गेला, पण ज्या घरात तो लिहिला गेला त्या घराला त्याची प्रत क्वचितच मिळाली. असल्फ्याच्या टेकडीची छायाचित्रे जगभर गेली असली, तरी २०१७ च्या डिसेंबरात ज्या मुलांनी हातात कुंचला घेतला, त्यांना मोठेपणी आपल्या भिंतीचे चरित्र वाचावयाचे झाल्यास ते कोठे मिळेल, हा प्रश्न शिल्लक राहतो. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी दररोज याच भिंतींवरून येत-जात असतात. वर्षातून दोन फेऱ्या आणि एक वही एवढ्या साधनांनीही या कामास प्रारंभ करता येण्यासारखा आहे.