सवलत द्यायची, पण कशाच्या बदल्यात?

सरकारनं उद्योगांना मदत करावी की नाही, यावर आपण पुष्कळ वाद घालतो. खरा प्रश्न वेगळाच आहे: मदत कोणत्या अटीवर?

दक्षिण कोरियाचं उदाहरण घेऊ. १९६१ मध्ये पार्क चुंग-ही सत्तेवर आले आणि बँका सरकारच्या ताब्यात गेल्या. कारखानदारांना स्वस्त कर्ज मिळू लागलं, पण माल परदेशात विकून दाखवला तरच. निर्यातीच्या मासिक आढाव्याला राष्ट्राध्यक्ष स्वतः बसत. १९६४ मध्ये १० कोटी डॉलरची असलेली निर्यात १९७७ मध्ये १,००० कोटी डॉलरवर पोचली. पोहांगच्या पोलाद कारखान्याला परदेशी वित्तसंस्थांनी कर्ज नाकारलं. तेव्हा १९६५च्या करारानुसार जपानकडून मिळालेला पैसा सरकारनं तिथं वळवला. १९७३ मध्ये कारखाना सुरू झाला.

याची किंमत कामगारांनी मोजली. त्यांच्या संघटना दडपल्या गेल्या. ते आपल्याला नकोच. पण अट मात्र घेण्यासारखी आहे. आपल्याकडे २०२० मध्ये सुरू झालेल्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेतही बहुतेक क्षेत्रांत वाढीव विक्री दाखवल्यावरच पैसे मिळतात.

तेव्हा नव्या सवलतीची घोषणा झाली, की आपण दोनच गोष्टी विचारायच्या: बदल्यात काय मिळणार? आणि नाही मिळालं, तर सवलत थांबणार का?