तलासरींतून पाहिलेले चित्रपट

चित्रपटांवर टीका लिहिणें हें आमच्यासारख्या, थोडें संस्कृत शिकून प्राथमिक शाळेंत आयुष्य घालविलेल्या मनुष्याचें काम नव्हे, असें आमच्या घरांतील कांहीं मंडळींचें मत आहे, व तें आम्हांस बव्हंशीं मान्यही आहे. परंतु गेल्या दिवाळींत डहाणूस सर्व कुटुंब जमलें असतां सूनबाईंनीं ‘आक्रोश’ हा चित्रपट लावला, आणि रात्रीं पानांवर बसल्यावर जो वाद झाला, त्यामुळें आम्हांस तलासरीच्या शाळेंतील दिवस आठवले. त्या आठवणी वाचकांपुढें ठेवाव्या, म्हणून हा प्रपंच.

आम्हीं तलासरीस शिकवीत असतां, १९८८ च्या सुमारास, भाड्यानें व्हिडिओ आणून मुलांस ‘संत तुकाराम’ दाखविला होता. प्रभात कंपनीचा हा चित्रपट दामले व फत्तेलाल यांनीं १९३६ मध्यें काढला. मुंबईंत तो वर्षभराहून अधिक चालला, आणि १९३७ मध्यें व्हेनिसच्या महोत्सवांत त्याची गणना उत्तम चित्रपटांत झाली. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा पाहतांना आमचे डोळे भरून येत होते. शिवरायांचा नजराणा येतो, जिजाई व मुलें क्षणभर दागिन्यांनीं नटतात, आणि तुकोबा तें सर्व परत धाडतात, त्या प्रसंगीं आम्हीं मुलांकडे मोठ्या अपेक्षेनें पाहिलें. मुलांचे चेहरे उतरले होते! एक वारली मुलगा तर उघडच विचारता झाला कीं, घरांत दाणा नसतां आलेलें परत कां पाठविलें?

त्या वेळीं आम्हीं त्यास वैराग्याचा अर्थ सांगितला. पुढें पुन्हां पुन्हां तो चित्रपट पाहिला तेव्हां ध्यानांत आलें कीं, त्या मुलाची शंका दिग्दर्शकांस आधींच सुचलेली होती. गौरीबाईंची जिजाई ही कर्कशा म्हणून रंगविणें सोपें होतें, आणि कीर्तनकारांनीं तेंच केलें होतें. दामले-फत्तेलालांनीं मात्र तिची भूक, तिचीं पोरें, तिची चूल हीं सर्व खरीं ठेविलीं. पतीवर तिची माया आहे व रागही आहे, आणि दोन्ही न्याय्य आहेत. वैकुंठाचें विमान आज कोणास बाळबोध वाटेल. पण ही बाई आजही शेजारच्या घरांतून हांक मारील, इतकी जिवंत आहे.

या दोघांचे गुरु कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. कॅमेरा स्वतः घडविणारा हा पुरुष! त्यांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट १९२५ चा, नारायण हरि आपटे यांच्या कथेवरचा. १९३६ मध्यें त्यांनींच तो बोलपटरूपानें पुन्हां काढला. देवादिकांच्या कथांनीं पडदा भरून गेलेला असतां त्यांनीं कर्जांत बुडालेला शेतकरी, खोटे कागद करणारा सावकार आणि उदास झोंपडी पडद्यावर आणली. शेतकऱ्याची भूमिका तरुण शांतारामांची होती; त्यांनींच पुढें १९३७ मध्यें आपट्यांच्याच दुसऱ्या कादंबरीवर ‘कुंकू’ काढला, हें सर्वश्रुत आहे. १९२५ चा मूकपट आमच्या पाहण्यांत नाहीं, तेव्हां त्याच्या चित्रणाविषयीं आम्ही बोलत नाहीं. कथेविषयीं मात्र एक गोष्ट नेहमीं मनांत येते. त्यांतील शेतकरी जमीन गमावून शहरांत गिरणीकामगार होतो. आमच्या मुलखांतील वारल्यांस हा मार्गही नव्हता. लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं जो नवरा-बायकोनिशीं मालकाकडे राबे, त्यास येथें लग्नगडी म्हणत; शहर दूरच, मालकाचें आवार सोडण्याचीही त्यास मुभा नसे.

तो पाश सुटला तो वेगळ्या रीतीनें. १९४५ च्या जानेवारींत टिटवाळ्यास किसान सभेची परिषद झाली, मे महिन्यांत तलासरीजवळ झरी येथें वारल्यांची सभा भरली, आणि वेठ करणार नाहीं असें हजारों लोकांनीं ठरविलें. त्याच वर्षीं १० ऑक्टोबरला तलवाडा येथें पोलिसांच्या गोळीबारांत जेठ्या गांगड व आणखी चार जण मरण पावले. गोदावरी परुळेकरांनीं हा सर्व वृत्तांत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या ग्रंथांत लिहिला असून त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. घरांतील तरुण मंडळींनीं चित्रपटाआधीं तो वाचावा.

आतां ‘आक्रोश’. विजय तेंडुलकरांचें लेखन, गोविंद निहलानींचें दिग्दर्शन, १९८० साल. भाषा हिंदी असली तरी मुलूख आपलाच वाटतो. पत्नीच्या खुनाचा आळ आलेला लहान्या भिकू कोर्टांत एक अक्षर बोलत नाहीं. ओम पुरींनीं ही भूमिका केवळ डोळ्यांनीं केली आहे. बचावाचा वकील भास्कर कुलकर्णी. (याच नांवाचे एक चित्रकार सत्तरीच्या आरंभीं डहाणूच्या पाड्यांत हिंडले व गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची कला त्यांनीं जगापुढें आणली, हा निव्वळ योगायोग, पण आम्हांस तो आवडतो.)

हा चित्रपट आम्हीं प्रथम पाहिला तो त्याच वारली मुलासमवेत; तोंवर तो स्वतः शिक्षक झाला होता. आम्हीं त्यास आनंदवर्धनांचा ध्वनिविचार समजावून दिला: न बोलण्यांतून जें सुचतें तें बोलण्याहून प्रभावी, हें मौन म्हणजे दिग्दर्शकाची व्यंजना, इत्यादि. त्यानें आदरानें ऐकून घेतलें. मग म्हणाला, “गुरुजी, माझे आजोबाही कोर्टांत असेच उभे होते. काय विचारतात तें कळत नव्हतें, आणि सांगितलें असतें तर ऐकणाऱ्यांत आमचें कोण होतें?” आम्ही ज्यास व्यंजना म्हणत होतों, ती त्याच्या लेखीं साधी अभिधा होती. काव्याच्या अभ्यासानें ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला तो सहृदय, असें अभिनवगुप्त सांगतात. पण आरसा दुसऱ्याही कशानें घासला जातो, हें त्या दिवशीं आम्हांस कळलें.

या चित्रपटांत एक उणीव आहे, ती सांगितली पाहिजे. आपण त्या वस्तींत शिरतों ते वकिलाच्या पाठीमागून; वकिलास जें दिसत नाहीं तें आपणांसही फारसें दिसत नाहीं. भिकूच्या घरीं चुलीवर काय शिजे, तो हंसे केव्हां, हें चित्रपट बोटावर मोजण्याइतकेंच सांगतो. जिजाईस जें मिळालें तें भिकूस मिळालें नाहीं. मात्र निहलानींनीं त्या वकिलास, म्हणजे आपल्यासारख्यासच, कठड्यांत उभें केलें आहे, आणि तें कोठेंही सैल सोडलेलें नाहीं. शेवटीं बापाच्या चितेपाशीं भिकू कुऱ्हाड उचलतो ती बहिणीवर. आणि मग तो ओरडतो.

दिवाळीच्या रात्रीं आमचा पुतण्या म्हणाला कीं, त्यानें बोलावयास हवें होतें. सूनबाईंनीं विचारलें, “आपल्या घरीं सावकारी होती का?” थोरले बंधु म्हणाले, सणाच्या दिवशीं हा विषय कशाला. जेवणें झाल्यावर आम्हीं माळ्यावरून आजोबांची पेटी खालीं काढली. खावटीचे कागद मोडींत आहेत. आतां घरांत ते आम्हांसच वाचतां येतात. इतके मण भात दिलें, सुगीला दिढीनें घेणें, खालीं आंगठा. एका कागदावर ‘लग्नाकरितां’ असें आहे. आजोबा रोज पहांटे गाथा वाचीत. तुकोबांनीं आपल्या वाट्याचे कर्जरोखे इंद्रायणींत बुडविले, ही कथा त्यांच्याच तोंडून आम्हीं लहानपणीं ऐकली होती. बंधूंनीं पेटी बंद करावयास सांगितलें. सूनबाई म्हणाल्या, सगळे कागद बाळबोधींत उतरवून द्या.

तें काम निम्में झालें आहे. आमच्या त्या विद्यार्थ्यानें येत्या उन्हाळ्यांत आपल्या सहशिक्षकांकरितां ‘आक्रोश’ दाखविण्याचें योजिलें असून, नंतर आम्हीं दोन शब्द बोलावे असा त्याचा आग्रह आहे. आम्ही येऊं म्हणून कळविलें आहे. बोलण्याचें काम मात्र त्यानेंच करावें, आणि उतरविलेले कागद आम्ही बरोबर आणूं, असेंही लिहिलें आहे.