ऊन पळतं, पाणी चढतं, नाईफ चालतो!

मुंबईच्या वर्सोव्याहून तरीत बसायचं, खाडी ओलांडून मढला उतरायचं आणि होड्यांसमोर ईझल उभं करायचं. स्पॉटवर पॅलेट नाईफने निसर्गचित्र करणाऱ्यासाठी मढ म्हणजे मेजवानी आणि परीक्षा, दोन्ही! हाताशी असू द्या ही चटपटीत माहिती.

दोन मिनिटांचा खेळ. सूर्य आकाशात स्वतःच्या रुंदीइतका सरकतो फक्त दोन मिनिटांत. मढच्या किनाऱ्यावरून पाहिलं, तर लाल गोळा क्षितिजाला टेकल्यापासून बुडेपर्यंत जेमतेम अडीच मिनिटं. मग कामापुरता उजेड वीस-बावीस मिनिटांचा. लंडनच्या चित्रकाराला हाच संधिप्रकाश अर्ध्या तासाहून जास्त मिळतो.

तिथीची पाऊणपट. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब: तिथीला पाऊणने गुणा. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. संध्याकाळचं सोनेरी ऊन आणि भरतीची खाडी हवी, तर अष्टमी गाठा. पौर्णिमेला त्याच वेळी ओहोटी, होड्या चिखलात कलंडलेल्या. चित्र अर्धवट राहिलं तर? उद्या त्याच वेळी ऊन तेच असेल, पाणी नसेल. दोन्ही पुन्हा जुळायला साधारण पंधरवडा लागतो.

बाक कशाला? नाईफच्या मानेला बाक असतो, म्हणून बोटं ओल्या रंगाला लागत नाहीत. ब्रश धुवावा लागतो. नाईफ फडक्याला पुसला की पुढचा रंग तयार. पात्याची कड रंगात बुडवून उभी टेकवली की डोलकाठी. पांढरा रंग घेऊन पातं खरबरीत थरावरून हलकेच ओढलं की लाटेचा फेस.

वाळू मोफत. व्हॅन गॉगने 1882 मध्ये स्खेवेनिंगनच्या किनाऱ्यावर वादळी वाऱ्यात समुद्र रंगवला. त्या रंगात अडकलेले वाळूचे कण आजही आहेत. हे चित्र 2002 मध्ये ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयातून चोरीला गेलं आणि 2016 मध्ये इटलीत सापडलं. तेव्हा मढच्या वाऱ्याने कॅनव्हासवर वाळू उडवली, तर चिडू नका.

सावली गायब. 15 मे आणि 28 जुलैच्या आसपास, दुपारी साडेबारानंतर, मुंबईत सूर्य थेट डोक्यावर येतो. सरळ उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच संपते. नाईफवाल्याला हवी असते उजेड-सावलीची धारदार सीमा, त्यामुळे ही वेळ जेवणाची!

वाळता वाळेना. तैलरंगात पाणी नसतंच, मग उडणार काय? त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. नाईफने चढवलेला जाड थर आतपर्यंत वाळायला महिने लागतात. परतीच्या तरीत गर्दी असली, तर शेजाऱ्याचा शर्ट सांभाळा.

जे. जे. ते पॅरिस. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या सय्यद हैदर रझांनी 1950 च्या दशकात फ्रान्समधली गावं रंगाच्या दाट थरांत रंगवली. नागपुरात जन्मलेले, जे. जे.चेच वासुदेव गायतोंडे अमूर्त चित्रांसाठी रोलरसोबत नाईफ वापरत. 2015 मध्ये त्यांच्या एका चित्राला मुंबईच्या लिलावात 29 कोटींवर किंमत मिळाली.

मॉडेल कधी स्थिर? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या ताडपत्री पांघरून किनाऱ्यावर. हलत नाहीत, पण पाऊस तुम्हालाही बसू देत नाही. पावसाळा सरला की बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या रांगा दिसू लागतात. त्यांच्या उभ्या-आडव्या रेषा नाईफच्या कडेसाठीच जणू. फक्त ईझल मांडण्याआधी तिथल्या कोळणींना विचारा. ती त्यांची कामाची जागा आहे.