विषाद : विचारणा आणि पाठपुरावा

निद्रानाश, अग्निमांद्य, अंगदुखी वा सततचा थकवा घेऊन मौद्यासारख्या गावातील रुग्ण जवळच्या वैद्याकडे येतो. मनाची व्यथा मात्र क्वचितच बोलून दाखवतो. चरकसंहितेत विषादाची गणना ८० वातज नानात्मज विकारांत आहे. म्हणून विचारणा आपणच करावयास हवी. गेल्या दोन आठवड्यांत मन वारंवार उदास होते काय? नेहमीच्या कामांतील गोडी गेली काय? उत्तर होकारार्थी असल्यास सविस्तर तपासणी करावी. जीव नकोसा वाटतो काय, हेही स्पष्ट विचारावे. तसे असल्यास रुग्णास एकटे न सोडता मानसोपचारतज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे. २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवाही उपलब्ध आहे.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमाने आरोग्य कार्यकर्ते, समुपदेशक व तज्ज्ञ यांची साखळी उभारली. तेथे उपचार घेणाऱ्या विषादग्रस्तांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले.

अशा साखळीत पाठपुरावा महत्त्वाचा. वैद्यांनी पुढील भेटीची तारीख नोंदवावी. न आलेल्याची चौकशी करावी. विषादावरील औषध संपूनही ग्राहक न फिरकल्यास औषधविक्रेत्यांनी संबंधित चिकित्सकास कळवावे. बरे वाटताच औषध परस्पर बंद करू नये, हे दोघांनीही रुग्णास समजावून सांगावे.