उल्हासचे पाणी – लेखांक ५ : जिताड्याची वाट

मागील लेखांकात बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर या परिसरातून वाहणाऱ्या उल्हास नदीच्या गोड्या पाण्यातील माशांचा विचार केला. या शहरांच्या खालच्या अंगाला, कल्याणजवळ, नदीला भरतीचे पाणी भेटते आणि तिची खाडी होते. अशा सीमेवर वावरणारे मासे आणि त्यांच्यासाठी खाऱ्या पाण्यात केली जाणारी 'फ्लाय फिशिंग' ही हौशी मासेमारी हा प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे.

फ्लाय म्हणजे गळावर पिसे, केस व दोरा बांधून केलेली भक्ष्याची नक्कल. नेहमीच्या गळफेकीत शिशाचे वजन दोरीला ओढत नेते. फ्लायचे वजन नाममात्र असल्याने जाड, वजनदार दोरीच काठीच्या लयीवर मागेपुढे झुलवून फेकली जाते आणि तिच्या टोकाचा बारीक, पारदर्शक तंगूस फ्लायला पाण्यावर अलगद उतरवतो. 'क्लाउझर मिनो' या प्रसिद्ध फ्लायवर डोळ्यांच्या जागी डंबेलच्या आकाराचे धातूचे मणी बांधलेले असतात. त्यामुळे ती पाण्यात उलटी होते, गळाचे टोक वर राहून तळात सहसा अडकत नाही, आणि दोरी ओढून थांबवली की ती डोके खाली घालून बुडते. जायबंदी मासोळीची ही चाल पाहून मोठा मासा झडप घालतो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 'स्ट्राइप्ड बास' या पट्टेरी माशासाठी अशा सफरी वाटाड्यासह निघतात. त्या वाटाड्याची खरी विद्या भरती-ओहोटीची असते: ओहोटीचे पाणी अरुंद मुखातून वेगाने निघू लागले की लहान मासे त्याबरोबर वाहत येतात आणि बास खडकाच्या आडोशाला दबा धरून राहतो, म्हणून होडी कोठे व किती वाजता उभी करायची हे तो आधीच ठरवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची मंद भांग यांवर आपली जाळी बेतणाऱ्या कोळ्यांना हे गणित नवे नाही.

कोकणच्या खाड्यांत बासच्या तोडीचा मासा म्हणजे जिताडा. दोघेही गोड्या-खाऱ्या पाण्यात ये-जा करतात, मात्र त्यांची वाट उलटी आहे. बास समुद्रातून नदीत चढून अंडी घालतो, तर जिताडा अंडी घालण्यासाठी खाडीच्या मुखाकडे उतरतो आणि त्याची पिल्ले वर चढतात. शिवाय जिताडा आधी नर असतो व मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे सर्वांत मोठा जिताडा मारणे म्हणजे बहुधा अंडी घालणारी मादीच मारणे होय.

अतिमासेमारीने बासची संख्या १९७०च्या दशकाअखेर घसरली, तेव्हा अमेरिकेने १९८४ मध्ये खास कायदा केला, मेरीलँड राज्याने १९८५ पासून त्याच्या मासेमारीवर बंदी घातली, आणि १९९५ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावरील बास सावरल्याचे जाहीर झाले. उल्हासच्या बाबतीत मात्र केवळ गळ आवरून भागणार नाही. अंबरनाथच्या अकराव्या शतकातील शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून सांडपाणी व रसायने घेऊन कल्याणजवळ, म्हणजे नेमकी जिताड्याच्या वाटेवर, उल्हासला मिळते. या दोन नद्यांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दंडही ठोठावला होता. त्यातून पिल्ले वाचली, तरी पुढे मोहने येथील बंधारा नदीत आडवा आहे.

फ्लायने पकडलेला मासा जिवंत सोडून देण्याची प्रथा चांगलीच आहे, परंतु सोडलेल्या माशाला जगण्यासारखे पाणी नसेल तर तिला अर्थ उरत नाही. या खाडीकाठी उद्या हौशी मासेमारीच्या सफरी निघाव्यात असे वाटत असेल, तर पहिले काम होडीचे नसून वालधुनीच्या सांडपाण्याचे आहे.