दवण्याचे बी

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाला दवणा वाहतात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो उगवतो कसा, असे कोणी विचारले तर पुष्कळ जण गप्प बसतील. आम्हीही त्यांतलेच होतो. आमचे आयुष्य यंत्रमाग कामगारांच्या सभांत गेले. शेतीचे शिक्षण असे झाले नाही. जे कळले ते चुकत चुकत कळले.

दवणा ही दक्षिण भारतातली, सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती. उंची हात-दीड हात, पाने राखट, फुले बारीक व पिवळी. पानाफुलांतले तेल अत्तरे करणारे नेतात.

पहिल्या वर्षी आम्ही दुकानातून बी आणले आणि ते डब्यात जपून पुढल्या हंगामात पेरले. कोंब एकही आला नाही. आम्ही दुकानदाराशी भांडलो. शेवटी बाजारातल्या एका माळीणबाईने विचारले, “भाऊ, बी कुठल्या सालचं?” तेव्हा उलगडा झाला. या बियाचे आयुष्य थोडे. वर्ष उलटले की त्याची उगवणशक्ती जाते. दोष आमचाच होता.

रीत सोपी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाऊस सरल्यावर, ताजे बी ओल्या फडक्यात दोन दिवस ठेवावे. ते धुळीसारखे बारीक असते, म्हणून वाळूत मिसळून वाफ्यात किंवा पसरट कुंडीत पातळ फेकावे. वर मातीचा थर जाड नको. पाणी झारीनेच द्यावे. धार सोडली तर बी वाहून जाते. चार-पाच दिवसांत कोंब दिसतात. सहा-सात आठवड्यांनी रोपे वीतभर अंतरावर लावावीत. ऊन भरपूर हवे, पण मुळांशी पाणी साचता कामा नये. पेरणीपासून सुमारे चार महिन्यांत फुले येतात.

इथेच मोह होतो. फुले उमलली की वास ऐन भरात असतो, आणि माणूस सगळा दवणा कापून घेतो. मग पुढल्या वर्षी पेरायचे काय? म्हणून सर्वांत जोमदार चार झाडांना हात लावू नये. त्यांची फुले झाडावरच वाळू द्यावीत.

आमच्या संघटनेत आम्ही नेमके उलटे केले. उत्तम तरुण पोरे प्रत्येक संपात पुढे घातली. त्यांनी मागच्यांना शिकवावे एवढी उसंत त्यांना दिली नाही. आज सभेला खुर्च्या भरतात, पण अर्ज लिहिणारा हात सापडत नाही. दवण्याची चार झाडे राखायला आम्ही आता शिकलो आहोत. माणसे राखायला उशीर झाला. तरी या हंगामापासून आरंभ केला आहे.