खर्चात न बसलेले पक्षी

घरात सगळ्यांनी मिळून एखादा सिनेमा पाहून झाला, की कुणीतरी म्हणतेच, ‘मूळ पुस्तक यापेक्षा चांगले होते हो!’ मग दिग्दर्शकाचा उद्धार होतो, नटनट्यांचा होतो. पैसे कुणी घातले, किती घातले आणि ते परत कसे मिळवायचे ठरले होते, याची चौकशी सहसा कुणी करत नाही. माझी उमेदीची वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. त्यामुळे पुस्तकाचा सिनेमा झाला, की मला दोन्हीकडचे कुतूहल असते. लेखकाचे काय गेले आणि पैसे घालणाऱ्याने काय राखले?

अमेरिकेतल्या ‘गोर’ कादंबऱ्या आणि त्यांवर निघालेले दोन स्वस्तातले सिनेमे हे याचे नमुनेदार उदाहरण आहे. जॉन नॉर्मन या टोपणनावाने त्या लिहिणारे गृहस्थ म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक जॉन लँग. ‘टार्न्समन ऑफ गोर’ हे पहिले पुस्तक १९६६ साली आले. सूर्याच्या पलीकडे, आपल्याला कधीच दिसणार नाही अशा जागी पृथ्वीची एक जुळी बहीण फिरते आहे, ही त्यातली मूळ कल्पना. तिचे मूळ प्राचीन ग्रीकांत. पायथागोरसच्या पंथातले लोक एक ‘प्रतिपृथ्वी’ मानत. टार्ल कॅबट नावाचा तरुण प्राध्यापक तिथे पोहोचतो, तलवार शिकतो आणि ‘टार्न’ नावाच्या अवाढव्य पक्ष्यावर स्वार होऊन शत्रूच्या नगरात शिरतो. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा एका बैठकीत संपवणाऱ्या वाचकाला यातली गंमत वेगळी समजावून सांगायला नको.

पण या गंमतीच्या पोटात एक विषारी गाठ होती. गोरवर गुलामगिरी आहे आणि तिथल्या गुलामांत बायकांचा भरणा मोठा. स्त्रीचा स्वभावच मुळी ताबेदारीत सुखावणारा आहे, असा सिद्धान्त लेखक पुस्तकामागून पुस्तकात अधिकाधिक विस्ताराने मांडू लागला. १९७२ च्या ‘कॅप्टिव्ह ऑफ गोर’मध्ये तर तो एका बाईच्याच तोंडून वदवला. साहस मागे पडले, प्रवचन वाढले. पुस्तके खपत राहिली आणि निषेधही होत राहिला. १९८८ साली पंचविसावे पुस्तक आले; पुढच्यासाठी मात्र वाचकांना दहा वर्षांहून अधिक थांबावे लागले.

याच सुमारास सिनेमावाले आले. १९८२ च्या ‘कोनान द बार्बेरियन’ने तलवारबहाद्दरांची लाट आणली होती आणि व्हिडिओ कॅसेटच्या धंद्याला रोज नवा माल हवा होता. मेनाहेम गोलन आणि योराम ग्लोबस हे इस्रायली चुलतभाऊ तेव्हा ‘कॅनन’ ही कंपनी चालवत. त्यांची पद्धत बँकवाल्याला घाम फोडणारी. सिनेमाचे नाव आणि चकचकीत पोस्टर तयार करायचे, कान महोत्सवाच्या बाजारात देशोदेशींचे हक्क विकायचे आणि त्या करारांच्या बळावर सिनेमा काढायचा. म्हणजे गोदामात पोते नाही आणि कर्ज मात्र पोत्यावर! अशा व्यवहारात पोस्टरवर काय दिसते याला सगळे मोल. आतला माल जितका स्वस्त, तितका नफा जास्त.

‘गोर’ १९८७ साली आला. दिग्दर्शक फ्रिट्झ किर्श. पाठोपाठ जॉन ‘बड’ कार्डोस यांचा ‘आउटलॉ ऑफ गोर’. आमच्या कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणून मी पहिला पाहिला, तो केवळ त्या पक्ष्यांसाठी. टार्न शेवटपर्यंत आलेच नाहीत. सगळे घोड्यांवर. पक्षी खर्चात बसत नव्हते, घोडे बसत होते. पुस्तकातला नायक अवकाशयानातून गोरवर जातो. इथे एका अंगठीने काम भागले. कादंबऱ्यांमधला सार्म हा अजस्र किड्यासारखा जीव; पडद्यावर तो साधा माणूस, जुलमी राजा झाला. ऑलिव्हर रीडसारखा मातबर नट त्या भूमिकेत होता. जॅक पॅलन्स पहिल्या सिनेमात शेवटी क्षणभर डोकावतो, दुसऱ्यात पुजारी होऊन कारस्थाने करतो. मोठी नावे थोड्या दिवसांसाठी घ्यायची आणि पोस्टरवर ठळक छापायची, हाही त्याच हिशेबाचा भाग.

काटकसरीत पक्षी गेले, याचे मला फार दुःख नाही. खटकली ती दुसरी काटछाट. पुस्तकातल्या कॅबटला परक्या नगराचा पवित्र ‘होम स्टोन’ चोरायला धाडलेले असते. सिनेमात तो दगड दुष्टाने पळवलेला आहे आणि नायक तो परत मिळवायला निघतो. चोराचा संरक्षक झाला! गुलामगिरीविषयीचे लेखकाचे तत्त्वज्ञानही गाळले आणि नायकाला गुलामांचा कैवारी केले. इथवर ठीक. पण तोकड्या कपड्यांतल्या, विकायला उभ्या केलेल्या बायका मात्र जागच्या जागी राहिल्या. पोस्टरला त्या हव्याच होत्या. ज्या विचाराशी दोन हात करता आले असते तो नाहीसा झाला आणि त्या विचारातून निपजलेले दृश्य करमणूक म्हणून शिल्लक राहिले.

आणि हे चित्रीकरण झाले कुठे, तर दक्षिण आफ्रिकेत. तिथल्या सरकारच्या सवलतींमुळे परदेशी निर्मात्यांना ते स्वस्त पडे. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८० साली वर्णद्वेषी राजवटीवर सांस्कृतिक बहिष्कार घालण्याचे आवाहन केले होते. भारताने तर १९४६ सालीच त्या देशाशी व्यापार तोडला होता. ‘दक्षिण आफ्रिका वगळून’ असा शिक्का असलेले आपले पासपोर्ट माझ्या पिढीला चांगले आठवतात. जिथे बहुसंख्य माणसांना मताचा अधिकार नव्हता, त्या भूमीवर गुलामांच्या मुक्तीचा लुटुपुटीचा खेळ रंगला. ताळेबंदात त्याची नोंद ‘बचत’ अशीच झाली असणार.

निष्पन्न काय झाले? पुस्तकांच्या चाहत्यांना त्यात गोर सापडले नाही. विरोधकांना वाद घालायला काही उरले नाही. १९९३ साली अमेरिकी टीव्हीवरच्या, वाईट सिनेमांची टिंगल करणाऱ्या एका कार्यक्रमात दुसरा सिनेमा दाखवला गेला आणि आता तो त्या टिंगलीमुळेच लोकांना आठवतो. १९८९ मध्ये गोलन कॅननमधून बाहेर पडले. नॉर्मन यांची पुस्तके मात्र नव्या शतकात पुन्हा येऊ लागली आणि मालिका पस्तिसाच्या पुढे गेली. आक्षेपार्ह म्हणून जे गाळले होते, ते पुस्तकांत होते तसेच आहे.

मला नॉर्मन यांचे म्हणणे मुळीच मान्य नाही. पण ते निदान उघड आहे. पान उघडून, बोट ठेवून ‘हे खोटे आहे’ असे म्हणता येते. सिनेमात बोट कशावर ठेवणार? म्हणून नातवंडांच्या हातात असे पुस्तक दिसले, की मी ते काढून घेत नाही. ‘वाचून झाले की बोलू’ असे सांगतो. ती बोलतात, भांडतातही. मागे नातीने असेच एक पुस्तक मिटून मला विचारले, ‘आजोबा, या गोष्टीत सगळे त्या मुलीबद्दल बोलतात, पण तिला कुणीच का विचारत नाही?’ नॉर्मनसाहेबांच्या पस्तिसाहून अधिक पुस्तकांना आणि कॅननच्या दोन सिनेमांना हा एवढा साधा प्रश्न पडलेला नाही.